जिप्सीचे इंजिन उतरवणार आहोत; त्याच वेळी कोणती कामे करून घ्यावीत?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००५ सालची मारुती जिप्सी किंग आहे, १२९८ सीसीचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन असलेली. नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे आणि ही गाडी अजून बरीच वर्षे वापरायची असा घरातल्या सर्वांचा निश्चय आहे. चिपळूण-गुहागर हे नेहमीचे जाणे-येणे, आणि अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कराडला.

सध्या तीन तक्रारी आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल गळते आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतो. रेडिएटरमधील पाणी हळूहळू कमी होते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त चिंतेची वाटते: उजव्या बाजूचे इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकते ते रबर) चॅसीवरच्या ज्या ब्रॅकेटला बसते, त्याच्या मुळाशी गंज चढून तडा गेला आहे. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, क्लचसाठी नुसता गिअरबॉक्स उतरवून भागले असते, परंतु ब्रॅकेटचे वेल्डिंग नीट करायचे तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही चेनकप्पीने एकत्र बाहेर काढावे लागतील. हे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

इंजिन बाहेर आल्यावर आणखी कोणती दुरुस्ती उरकून घ्यावी, कोणती सुधारणा करण्याजोगी आहे आणि कशावर खर्च करू नये, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. मजुरी एकदाच द्यायची असल्यामुळे काही राहून जाऊ नये असे वाटते, पण यादी वाढत गेली तर गाडी दोन-दोन महिने गॅरेजात पडून राहते हेही पाहिलेले आहे.

---

पाना_पकड (पुणे)

आपल्या शेवटच्या वाक्यातच खरा प्रश्न आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. प्रत्येक कामाला एकच कसोटी लावावी: हे काम इंजिन गाडीत असताना करायचे ठरले, तर इंजिन किंवा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल का? उत्तर ‘होय’ असेल तर सुटा भाग अजून बरा दिसत असला तरी बदलावा, कारण तो भाग काहीशे रुपयांचा असतो आणि मजुरी हजारांत जाते. उत्तर ‘नाही’ असेल तर ते काम पुढे कधीही होऊ शकते. अल्टरनेटर, स्टार्टर, प्लग, इंजेक्टरची सफाई, एक्झॉस्टचा मागचा भाग हे सगळे इंजिन जागेवर असताना निघते. जिप्सीचा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा भाग) गिअरबॉक्सपासून वेगळा, स्वतःच्या रबरांवर बसवलेला असतो आणि मधल्या छोट्या प्रोपेलर शाफ्टने जोडलेला असतो, त्यामुळे तो आवाज करत नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. तो शाफ्ट मात्र आता सुटणारच आहे, तेव्हा त्याचे क्रॉस (टोकांचे अधिक चिन्हासारखे सांधे) हाताने फिरवून बघा; अडखळत असतील किंवा त्यांत खेळ असेल तर आत्ताच बदला.

इंजिन उतरवण्यापूर्वी, ते चालू अवस्थेत असतानाच, दोन चाचण्या करून घ्या. एकदा ते बाहेर आले की या चाचण्या होत नाहीत, आणि इंजिन उघडायचे की नाही हा सर्वांत मोठ्या खर्चाचा निर्णय त्यांच्यावरच ठरतो. पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचे माप घ्यावे आणि लिहून ठेवावे. एखाद्या सिलिंडरचे माप कमी आले तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. माप वाढले तर दोष पिस्टनच्या रिंगांकडे, आणि तसेच राहिले तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बोट जाते. दुसरी चाचणी पाण्याच्या दाबाची. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून, झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा दाब देऊन, तो टिकतो का ते पाहावे. बाहेर थेंब न पडता पाणी कमी होते म्हणजे ते गरम भागावर पडून वाळत असेल किंवा गॅस्केटमधून आत जात असेल. चारही सिलिंडरचे माप एकसारखे आणि मॅन्युअलच्या मर्यादेत असेल व दाबही टिकत असेल, तर हेड उघडू नका. ‘इंजिन बाहेर आहेच, तर रिंगा टाकून घेऊ’ हा सल्ला गॅरेजात फार सहज दिला जातो. धूर न काढणाऱ्या, ऑइल न खाणाऱ्या इंजिनाला तो लागू नाही.

आता मागची बाजू. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र, एकाच चांगल्या कंपनीचे घ्यावे. क्रँकच्या टोकाशी बसणारे पायलट बेअरिंग अनेक जण विसरतात; ते लहानसे आणि स्वस्त असते, पण कोरडे पडले की क्लच दाबल्यावर घुरघुर येते आणि त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचच्या फोर्कचा शाफ्ट ज्या बुशांमध्ये फिरतो ते झिजले असतील तर पेडल जड लागते, म्हणून तेही बदलावेत आणि सोबत नवी क्लच केबल घालावी. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक केसासारख्या भेगा दिसतात का ते पाहावे. नुसती चकाकी आली असेल तर लेथवर किंवा सर्फेस ग्राइंडरवर हलके फेसिंग पुरते. भेगा खोल असतील तर फ्लायव्हील बदलावे.

ऑइल गळतीबाबत घाई करू नये. मागून गळणारे प्रत्येक ऑइल क्रँकच्या मागच्या सीलमधूनच येते असे नाही. टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून, किंवा हेडच्या मागच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर अथवा सेन्सर जिथे बसतो तिथल्या ओ-रिंगमधून झिरपलेले ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून नेमके त्याच भोकातून बाहेर पडते. म्हणून इंजिन उतरल्यावर ते धुण्याआधी मागची बाजू नीट पाहा आणि फोटो काढा. ओला पट्टा वरून खाली आला आहे की सीलभोवती वर्तुळाकार पसरला आहे, यावरून उगम कळतो. धुतल्यानंतर हा पुरावा नाहीसा होतो. काहीही आढळले तरी मागचे सील, वरची ओ-रिंग आणि टॅपेट कव्हरचे गॅस्केट तिन्ही नवीनच घालावीत.

नवे सील बसवताना क्रँकच्या ज्या पृष्ठभागावर सीलची ओठासारखी कड फिरते, तिथे नख फिरवून पाहा. इतक्या वर्षांत तिथे बारीक चर पडलेली असते. नख अडकत असेल तर नवे सील जुन्याच खोलीवर ठोकू नये. हाउसिंगमध्ये जागा असेल तेवढे ते किंचित अलीकडे ठेवावे, म्हणजे कड न झिजलेल्या भागावर येते. सील बसवण्यापूर्वी त्याच्या कडेला इंजिन ऑइलचे बोट लावावे. कोरडे सील पहिल्याच स्टार्टला जळते, आणि मग दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. सीलचे हाउसिंग खाली ऑइल संपला (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या तबकाला) टेकते, त्यामुळे संप उतरवून नव्या सीलंटने बसवणे आणि त्याच वेळी आतली ऑइल पंपाची जाळी स्वच्छ करणे हे ओघानेच आले.

पुढच्या बाजूला टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर बेअरिंग, कॅम आणि क्रँकची पुढची सीले आणि वॉटर पंप असा पूर्ण संच बदलावा. हे काम इंजिन गाडीत असतानाही होते, म्हणजे माझ्याच कसोटीला ते उतरत नाही. पण वॉटर पंप काढायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो, आणि रेडिएटर व पंखा आता बाहेरच असल्यामुळे ही मजुरी जवळजवळ फुकट पडते. पंपापासून ब्लॉकच्या कडेने मागे जाणारा लोखंडी पाण्याचा पाइप हातात घेऊन तपासा. आपली पाणी कमी होण्याची तक्रार तिथेच सुटली तर मला नवल वाटणार नाही, कारण तो आतून गंजतो आणि इंजिन जागेवर असताना सहसा कोणाला दिसत नाही.

---

सांधेजोड (बेळगाव)

पाना_पकड यांनी इंजिनाबद्दल सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी रिकाम्या झालेल्या जागेबद्दल लिहितो. माझ्या मते कोकणातल्या गाडीसाठी हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या जिप्सीचे इंजिन योग्य देखभालीवर खूप चालते. खाऱ्या हवेने आधी जाते ते पत्रा आणि चॅसी.

ब्रॅकेटला तडा गेला आहे तिथे नुसती वरून वेल्डिंगची रेघ ओढून घेऊ नका. तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज चकाकत्या धातूपर्यंत खरवडून, हातोडीच्या टोकाने ठोकून पत्रा किती शिल्लक आहे ते पाहावे. आवाज बोदा आला किंवा टोक आत गेले, तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा जोडावा लागेल. गंजलेल्या कडेला केलेले वेल्डिंग टिकत नाही, त्याच्या शेजारून नवा तडा जातो. ब्रॅकेट पूर्ण काढावा लागणार असेल, तर काढण्यापूर्वी डाव्या ब्रॅकेटपासून आणि चॅसीच्या भोकांपासून त्याची मापे घेऊन ठेवावीत, अन्यथा इंजिन तिरपे बसते आणि पंखा आच्छादनाला घासतो. डाव्या बाजूचा ब्रॅकेट आणि स्टिअरिंग बॉक्स चॅसीला जिथे बसतो ती जागा याच वेळी तशीच ठोकून तपासावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आणि अल्टरनेटरची जोडणी काढावी, वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावावी, आणि आसपासचा पेट्रोलचा पाइप नुसता बाजूला न करता पूर्ण काढून टोक बंद करावे.

वेल्डिंग झाल्यावर लगेच काळा अंडरकोट मारण्याची पद्धत आहे, ती टाळावी. गंजावर किंवा ओलसर पत्र्यावर मारलेल्या त्या जाड थराखाली पाणी साचते आणि वरून सर्व छान दिसत असताना आत पत्रा कुजत राहतो. ग्रीस आणि ऑइल पूर्ण धुऊन, वायर ब्रशने घासून, पत्रा कोरडा झाल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर रंग, असा क्रम ठेवावा. चॅसीच्या पोकळ भागात भोकांमधून मेणयुक्त गंजरोधक फवारता आला तर फारच चांगले. बॅटरीच्या ट्रेखालचा भाग आणि फायरवॉलचा (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याचा) खालचा जोड इंजिन असताना हाताला लागत नाहीत, तेव्हा तिथे वेळ द्या.

याच मोकळ्या जागेतून ब्रेकचे लोखंडी पाइप जातात. त्यांच्यावर गंजाचे खवले आले असतील तर संपूर्ण तुकडा बदलावा. फाउंडेशनची रबरे दोन्ही बाजूंची आणि गिअरबॉक्सखालचे एक, सर्व नवीन घालावीत. एकच बदलले तर भार असमान पडतो.

वायरिंगबद्दल एकच आग्रह आहे. इंजिनापासून बॉडीला आणि चॅसीला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या नवीन घाला आणि त्यांच्या बैठकीखालचा रंग घासून धातू उघडा करा. इंजिन पुन्हा बसवताना हीच पट्टी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. इंजिन रबरांवर बसलेले असल्यामुळे स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह मग परतीची वाट शोधत क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल तापते, तिचे आतले प्लॅस्टिक वितळते, आणि केबल पुन्हा पुन्हा का जाते हे कोणालाच उमगत नाही.

---

घाटवाटा (कोल्हापूर)

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. पाण्याच्या आणि पेट्रोलच्या मार्गाविषयी थोडी भर घालतो.

आपल्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का ते आवर्जून पाहा. आपल्याकडे इंजिन गरम होण्याची तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडते आणि ऑइलमध्ये ओलावा साचतो. नवा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्याच्या भांड्यात सोडून तो उघडतो याची खात्री करून मगच बसवावा. या इंजिनाचे ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, तेव्हा नुसते नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालणे पूर्ण बंद करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. रेडिएटर बाहेर आहेच, तर जाळी आतून साफ करून दाबाखाली तपासून घ्या आणि सर्व रबरी होज पाइप एकदमच बदला.

सुधारणा म्हणून माझे पहिले मत पेट्रोलच्या रबरी पाइपांना आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि २००५ सालच्या गाडीची रबरे त्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. इंजेक्शनच्या गाडीत पाइपमध्ये कायम दाब असतो, त्यामुळे तडकलेला पाइप गरम इंजिनावर थेट फवारा मारू शकतो. इथेनॉलला टिकणारे आणि इंजेक्शनच्या दाबाचे पाइप मागून घ्या, साधा मीटरवर मिळणारा पाइप नको, आणि क्लिपा रबराला न कापणाऱ्या, गोल कडेच्या घ्या.

इंजिनाचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. ज्यांना वारंवार पाण्यातून गाडी न्यायची आहे त्यांना तो उपयोगी पडतो. घाट आणि रोजचा रस्ता यांसाठी मूळ पंखा, त्याचे आच्छादन आणि स्वच्छ रेडिएटर पुरेसे आहेत, आणि अल्टरनेटरवर नवा भार येत नाही.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कॉम्प्रेशन मोजून घेतले. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे आणि मर्यादेत आहेत. पाण्याचा दाब मात्र टिकत नाही, आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या कडेने जाणाऱ्या लोखंडी पाइपाच्या वाकणावर पांढरट-तांबूस पापुद्रे दिसले. हेड उघडणार नाही, हे त्यामुळे ठरले.

आणखी दोन प्रश्न आहेत. एका परिचितांनी सुचवले की, इंजिन उतरतेच आहे तर भंगार बाजारातले मारुती एस्टीम कारचे कमी चाललेले इंजिन घालावे, कारण ते सारखेच असते. हे योग्य होईल का? आणि खर्चाला मर्यादा असल्यामुळे वरच्यापैकी काही मागे ठेवावे लागलेच, तर काय ठेवावे?

---

पाना_पकड (पुणे)

एस्टीमच्या नंतरच्या एमपीएफआय मॉडेलमध्ये याच मालिकेचे इंजिन होते, हे खरे आहे. त्याचा फायदा सुट्या भागांसाठी घ्यावा: टायमिंग बेल्ट, बेअरिंगे, गॅस्केट यांपैकी बरेच भाग दोघांत समान असल्यामुळे जिप्सीचे उत्पादन थांबले तरी ते मिळत राहतात. परंतु एस्टीममध्ये इंजिन आडवे बसते आणि जिप्सीत उभे, त्यामुळे संप, फाउंडेशनचे ब्रॅकेट, मॅनिफोल्ड यांची अदलाबदल करावी लागते. शिवाय इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मान्यतेशिवाय करता येत नाही, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या तपासणीत क्रमांक जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते. विम्याचा दावाही अडचणीत येतो. आपले कॉम्प्रेशन चांगले आलेले असताना, इतिहास ठाऊक नसलेले इंजिन आणण्याचे काहीच कारण उरत नाही.

मागे ठेवायचे असेल तर इंजिनाचा रंग, सायलेन्सर आणि गिअर लिव्हरचे बुश मागे ठेवा. बुश वरूनही बदलता येतात. ब्रॅकेटचे वेल्डिंग, मागचे सील, क्लचचा संच पायलट बेअरिंगसह, पाण्याचा पाइप आणि पेट्रोलचे पाइप यांत काटकसर करू नका. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील वरच्या लेखनात माझ्याकडून नमूद व्हायचे राहिले, तेही याच यादीत धरा, नाहीतर इंजिनाकडून थांबलेले ऑइल गिअरबॉक्सकडून नव्या क्लचवर येईल.

बसवणीबद्दल मिस्त्रींना तीन गोष्टी सांगून ठेवा. गॅस्केटचे जुने अवशेष प्लॅस्टिकच्या किंवा बोथट पात्याने काढावेत. ग्राइंडरला लावलेल्या घासणीच्या चकतीने ॲल्युमिनियम खरवडते आणि तिची धूळ ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. क्लच प्लेट मधोमध बसवण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट किंवा योग्य मापाची डमी वापरावी, आणि गिअरबॉक्स शेवटचा अर्धा इंच आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नये. असे केल्याने प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. गिअरबॉक्स थोडा बाहेर घेऊन, शाफ्ट किंचित फिरवून पुन्हा लावला की तो हाताने जातो. तिसरी गोष्ट क्रँक पुलीच्या बोल्टाची: तो मॅन्युअलमधल्या मापाला टॉर्क पान्यानेच आवळावा, कारण तो सैल राहिला तर पुली धरून ठेवणाऱ्या चावीची (छोट्या लोखंडी पाचरीची) खाच झिजते आणि नुकसान थेट क्रँकला होते.

पहिल्या स्टार्टपूर्वी प्लग काढून आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. मग प्लग आणि फ्यूज लावून गाडी सुरू करावी, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून हवेचे बुडबुडे निघू द्यावेत, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाल्यावर इंजिन बंद करावे आणि पूर्ण थंड झाल्यानंतर पातळी भरावी. रात्रभर इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडला आहे आणि त्याचा रंग कोणता, यावरून इंजिन ऑइल, गिअर ऑइल की कूलंट हे लगेच कळेल. नव्या क्लचवर पहिले काहीशे किलोमीटर कुंभार्लीचा चढ अर्ध्या क्लचवर घेऊ नका, आणि तेवढे चालल्यावर फाउंडेशनचे व बेल हाउसिंगचे बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्या.